बोआच्या आधी एक उन्हाळा

गेल्या डिसेंबरात चंद्रपूरच्या तुकूममधल्या ओळखीच्या घरचा एक मुलगा माझ्याकडे आला. बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहे. मोबाइलमध्ये सापाचा फोटो होता. शेपटीकडे विटकरी लाल होत गेलेलं अंग, पाठीवर खोगिरासारखे तपकिरी डाग. "काका, बोआ कन्स्ट्रिक्टर घेतो म्हणतो. पहिलाच साप हाये माझा. पिल्लू कसं निवडू, कशात ठेवू, तेवढं सांगा ना जी." घरी विचारलंस का, म्हटलं. तर म्हणे, "आईला मासोळ्यांची टाकी आणतो म्हणून सांगितलं."

त्या दिवशी त्याला दिलेलं उत्तर अर्धवट होतं. पुढच्या चार महिन्यांत हाच प्रश्न नागभीडकडच्या एका शिक्षकांनी विचारला, मग गडचिरोलीच्या एका दुकानदारानं विचारला, आणि तेव्हा जाणवलं की चंद्रपूर-गडचिरोली या आमच्या दोन जिल्ह्यांत हा प्रश्न पुस्तकातल्यासारखा सरळ येत नाही. 'बोआ' म्हटलं की इथे एक नाही, तीन जनावरं समोर येतात. एक बांधावरचं, एक रानातलं, आणि एक विमानातून आलेलं.

बांधावरच्यापासून सुरुवात करू, कारण त्याचा बोआशी असलेला नातेसंबंध फार कमी लोकांना ठाऊक असतो. मांडूळ हा बोआच्याच कुळातला साप. आपल्याकडे त्याला दुतोंड्या म्हणतात. शेपूट डोक्यासारखीच बोथट असते आणि डिवचला की डोकं वेटोळ्यात लपवून तो शेपूट पुढे करतो, एवढ्यावरून सहा महिने या तोंडानं आणि सहा महिने त्या तोंडानं चालतो ही कथा उभी राहिली. गारुडी तर शेपटीवर डाग देऊन दुसरं तोंड 'तयार' करत. विष नाही, चावायला सहसा धजत नाही, लांबी तीन फुटांच्या आसपास, दिवसभर भुसभुशीत मातीत पडून राहतो. खरं सांगायचं तर नवख्यानं पाळायला याच्यासारखा दुसरा साप नाही. परदेशात याचा आफ्रिकी चुलतभाऊ 'पहिला साप' म्हणून सर्रास विकला जातो.

आपल्याकडे मात्र मांडुळाला हात लावणंसुद्धा गुन्हा आहे. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं त्याला पकडणं, बाळगणं, विकणं, सगळंच बंद केलं आहे. आणि तसं असणं किती गरजेचं आहे हे महाराष्ट्राइतकं कोणाला कळावं? गुप्तधन दाखवतो, पैशाचा पाऊस पाडतो, अमुक वजनाच्या वर गेला की कोट्यवधीला जातो, असल्या बाजारगप्पांवर या गरीब सापाची उभी तस्करी चालते. वजन वाढावं म्हणून त्याच्या पोटात लोखंडी छर्रे कोंबल्याची प्रकरणं उघडकीस आली आहेत. २०१६ ते २०२१ या काळात देशभरात मांडूळ तस्करीच्या १७२ घटनांची नोंद एका अभ्यासात झाली, आणि त्यात सगळ्यांत वर महाराष्ट्र होता. हॉटेलात 'गिऱ्हाइकाची' वाट पाहत बसलेल्या टोळीच्या पिशवीतून मांडूळ निघाल्याच्या बातम्या आपण सगळ्यांनीच वाचल्या आहेत. शेवटचं गिऱ्हाईक कोणी पाहिलेलं नसतं. साप तेवढा मेलेला असतो.

बांधावरचाच दुसरा देशी बोआ म्हणजे डुरक्या घोणस. त्याच्यापायी जीव जाऊ शकतो, आणि तोही त्याच्या चाव्यानं नाही. सिंदेवाहीजवळच्या एका गावात एका पोरानं प्लास्टिकच्या बरणीत 'अजगराचं पिल्लू' पकडून आणलेलं मी पाहिलं आहे. झाकणाला खिळ्यानं भोकं पाडलेली, आत दोन टोळ टाकलेले. बरणीला तोंड लावून पोरगं आत पाहत होतं. ते पिल्लू डुरक्या निघालं म्हणून ठीक. अजगराचं पिल्लू, डुरक्या आणि विषारी घोणस ही तिन्ही ठिपक्यांची, जाड अंगाची जनावरं. घोणशीच्या अंगावर साखळीच्या कड्यांसारख्या लांबट ठिपक्यांच्या तीन शिस्तीच्या ओळी असतात, डोकं त्रिकोणी असतं आणि कुकरच्या शिट्टीसारखी ती फुत्कारते. डुरक्याचे डाग वेडेवाकडे, शेपूट आखूड नि खरबरीत. अजगराच्या डोक्यावर भाल्याच्या पात्यासारखी खूण. कागदावर हे सोपं आहे. धानाच्या बांधीत, संध्याकाळी, बॅटरीच्या उजेडात ते सोपं नसतं. त्यामुळे रानातून पिल्लू उचलून आणण्याचा विचार कायद्याच्या आधी या एका कारणासाठीच सोडून द्यावा.

रानातलं जनावर म्हणजे अजगर. तो बोआ नाही. बोआ पिल्लं घालतो, अजगर अंडी घालतो आणि मादी त्या अंड्यांभोवती वेटोळं करून बसते. पण लोकांच्या मनात दोन्ही एकच. अजगर कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. त्याला घरात ठेवलं तर तीन ते सात वर्षं कैद आणि किमान २५ हजार रुपये दंड. यावर आमच्याकडे ठरलेलं एक उत्तर असतं: "मग हेमलकशाला कसे ठेवतात?" प्रश्न रास्त आहे, म्हणून उत्तर नीट दिलं पाहिजे. भामरागड तालुक्यातल्या हेमलकशाचा लोकबिरादरी प्रकल्प डिसेंबर १९७३मध्ये सुरू झाला. शिकारीत आई मेलेली पिल्लं माडिया लोकांकडून डॉ. प्रकाश आमटे यांच्याकडे येऊ लागली आणि त्यातून प्राण्यांचं अनाथालय उभं राहिलं. तिथलं एकही जनावर हौसेनं विकत घेतलेलं नाही, आणि त्या जागेला केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाची मान्यता घ्यावी लागली. हेमलकशाला जाऊन आलेल्या माणसाला आपणही एखादं जनावर पाळावं असं वाटतं, हे मी समजू शकतो. मलाही वाटलं होतं. पण अनाथाला थारा देणं आणि बाजारातून पोर विकत आणणं यात फरक आहे.

राहिलं विमानातलं. मेक्सिकोपासून अर्जेंटिनापर्यंत पसरलेला खरा बोआ कन्स्ट्रिक्टर भारतात बेकायदा नाही. कागदावाचून मात्र तो बेकायदाच. जून २०२०मध्ये केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयानं विदेशी प्राणी बाळगणाऱ्यांना सहा महिन्यांत स्वतःहून माहिती द्या, कागद मागणार नाही, अशी सवलत दिली होती. ती संपली. २०२२च्या दुरुस्तीनं आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंधनं असलेल्या प्राण्यांची यादी आपल्या कायद्यातच आणून बसवली, आणि फेब्रुवारी २०२४च्या नियमांनी 'परिवेश' पोर्टलवर नोंदणी सक्तीची केली. नवं जनावर आलं की तीस दिवसांत नोंद, ते मेलं की नोंद, दुसऱ्याला दिलं तरी नोंद, पिल्लं झाली तरी नोंद.

विकणारा सांगतो, "कागद नंतर पाठवतो." कागद नंतर कधीच येत नाहीत. बँकॉकहून येणाऱ्या विमानांतून मुंबईत काय काय उतरतं ते पाहिलं की हे कळतं. डिसेंबर २०२३मध्ये एका प्रवाशाकडच्या बिस्किटांच्या आणि केकच्या पुड्यांतून नऊ बॉल पायथन आणि दोन कॉर्न स्नेक निघाले. जून २०२५च्या सुरुवातीला एका बॅगेत ४७ विषारी साप होते. असल्या प्रवासातून वाचलेलं पिल्लू दुकानाच्या काचेत सुरेख दिसतं, महिनाभरानं खाणं सोडतं, आणि घेणारा म्हणतो, माझंच काहीतरी चुकलं. म्हणून आधी विकणाऱ्याची नोंदणी पाहावी, पिल्लाच्या आई-बापांची नोंद पाहावी, आणि मग पिल्लू. या क्रमात उलटापालट करू नये.

निवडीबद्दल फार लिहिण्यासारखं नाही, पण थोडं आहे. बाजारात 'कॉमन बोआ' म्हणून मिळतो तो बहुधा मध्य अमेरिकेकडचा, बोआ इम्परेटर. दक्षिण अमेरिकेतल्या खऱ्या लालशेपट्या बोआपेक्षा तो आटोपशीर. त्यातही नर घ्यावा. पाच-सहा फुटांवर थांबतो. मादी सात-आठ फुटांची आणि मनगटापेक्षा जाड होते. पिल्लू बंदिवासात जन्मलेलं असावं आणि तिथंच सलग चार-पाच वेळा न ओकता जेवलेलं असावं. हातात घेतल्यावर त्याची पकड जाणवली पाहिजे. ओल्या दोरीसारखं लोंबकळणारं पिल्लू परत ठेवावं. श्वासाला घरघर नको, तोंडाच्या कडेला बुडबुडे नकोत. पाण्याच्या वाटीत मिऱ्याच्या भुकटीसारखे काळे कण तरंगत असतील तर ते माइट नावाचे बारीक परजीवी आहेत, आणि मग त्या दुकानातलं कुठलंच जनावर घेऊ नये. मान वर करून आभाळाकडे टक लावून बसणारा बोआ दिसला तर कौतुक करू नये. बोआंमध्ये एक असाध्य विषाणूजन्य रोग आहे, ज्याचं मूळ २०१२मध्ये उलगडलं, आणि त्याचं हे एक लक्षण असू शकतं. रंगीत जातींच्या, पांढऱ्या-पिवळ्यांच्या नादी तर पहिल्यांदा मुळीच लागू नये. पैसे रंगाचे जातात, साप तोच असतो.

आता घर. माझ्या मते आमच्याकडे खरा प्रश्न इथंच आहे, आणि त्याचं उत्तर कुठल्या पुस्तकात नाही.

बोआ पाळण्याविषयीचं बहुतेक लिखाण थंड देशांत झालेलं. ते लिखाण सापाला ऊब कशी द्यावी ते शिकवतं. पेटीच्या एका टोकाला ३१-३२ अंश, दुसऱ्या टोकाला २५ ते २७, रात्री जरा खाली. त्यासाठी दिवा, तापणारी चटई, थर्मोस्टॅट. बोआ स्वतःचं अंग तापवू शकत नाही, म्हणून तो गरम टोकाकडून थंड टोकाकडे सरकत राहतो, आणि या सरकण्यावरच त्याचं पचन, कात, सगळं चालतं. हे तत्त्व पक्कं आहे. पण चंद्रपुरात मे महिन्यात पारा ४७-४८वर जातो. रात्री अकराला स्लॅबखालच्या भिंतीवर हात ठेववत नाही. रात्रीचं किमान तापमानच तिशीला टेकतं, म्हणजे जवळजवळ बोआच्या पेटीतल्या सगळ्यांत गरम कोपऱ्याइतकं. ३५च्या वर काही तास राहिला तरी त्याचे हाल सुरू होतात. आमच्याकडे सापाला ऊब देण्याचा प्रश्न वर्षातले थोडे महिने. उन्हाळ्यात त्याला उन्हापासून लपवायचं कुठे, हा खरा प्रश्न.

मग इथले साप कसे जगतात? ते जमिनीत जातात. वारुळात, घुशीच्या बिळात, दगडांच्या सांदीत. अजगर तर साळिंदराच्या बिळात राहतो. भरतपूरच्या राष्ट्रीय उद्यानात एकाच बिळात साळिंदर आणि अजगर नांदताना अभ्यासकांनी पाहिले आहेत. हात-दोन हात खाली गेलं की वरचा वणवा तिथं पोचत नाही. काचेच्या पेटीला असं खाली काहीच नसतं. चारही भिंती सारख्याच तापतात.

म्हणून आमच्याकडची पेटी काचेची नकोच. जाड प्लायवूडची, सहा फूट लांब, अडीच फूट खोल, दोन फूट उंच. फक्त पुढची बाजू सरकत्या काचेची, तिला कुलूप. कुलूप चोरासाठी नाही, सापासाठी. बोआ म्हणजे सगळा स्नायू. नाकानं काच रेटत बसायला त्याला रात्र पुरते. पेटी तळमजल्यावर, उत्तरेकडच्या खोलीत, भिंतीपासून थोडी सुटी. टिनाखाली तर विचारच नको. आत नारळाच्या भुशाचा चार बोटं जाड थर, आणि थंड टोकाला मातीचा रांजण आडवा, अर्धा पुरलेला. रांजणाला बाहेरून ओलं फडकं गुंडाळलं की आतलं तापमान खोलीपेक्षा तीन-चार अंशांनी कमी राहतं. हे कुंभाराचं शास्त्र आहे, त्याला वीज लागत नाही. गरम टोकालाही एक लपण हवंच, नाहीतर लाजाळू साप थंडीतसुद्धा रांजणातच बसून राहील.

कूलर लावावा, पण वारा थेट पेटीवर नको. मे महिन्यातली आमची हवा इतकी कोरडी की वाळ्याच्या ताट्या भिजवल्या की खोलीचा उष्मा झपाट्यानं उतरतो, आणि बोआला हवी असलेली साठेक टक्के आर्द्रताही आपोआप मिळते. मृग लागला की मात्र कूलरनं नुसती चिकचिक. जुलै-ऑगस्टमध्ये हवाच इतकी ओली की भुशाला बुरशी येते आणि सापाच्या पोटाच्या खवल्यांवर फोड येतात. तेव्हा भुसा काढून वर्तमानपत्र अंथरावं, रोज बदलावं, जाळ्या मोकळ्या कराव्यात. डिसेंबर-जानेवारीच्या रात्री पारा दहाकडे उतरला की मग कुठे त्या परदेशी पुस्तकांची वेळ येते. थोडक्यात, एकाच सापाला इथे वर्षाला तीन घरं लागतात.

आणि वीज. शहराच्या उशाशी २,९२० मेगावॅटचं औष्णिक केंद्र आहे, पण वळवाच्या वादळात लिंबाची फांदी तारेवर पडली की दुपार अंधारातच जाते. इन्व्हर्टरवर पंखा चालतो, कूलर कसाबसा. बर्फ केलेल्या पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून पेटीच्या एका कोपऱ्यात ठेवायच्या, एवढाच उपाय उरतो. त्यासाठी फ्रीजरमध्ये जागा हवी. फ्रीजरचा विषय निघाला की पुढचा विषय निघतोच.

बोआ उंदीर खातो. घरातला पकडलेला उंदीर चालत नाही. त्यानं कुठलं औषध खाल्लं असेल सांगता येत नाही, आणि जिवंत उंदीर सापालाच चावून जखमी करतो. पैदाशीचे पांढरे उंदीर गोठवलेले आणायचे, कोमट पाण्यात सैल करायचे, चिमट्यानं द्यायचे. पिल्लाला दहा-बारा दिवसांनी एक, मोठ्याला महिन्या-दीड महिन्यानं. माणसाची चूक इथं नेहमी एकाच बाजूला होते. आपण जास्त घालतो. रानातला बोआ अर्धपोटी जगतो. घरातला लठ्ठ होऊन मरतो. खाल्ल्यावर दोन दिवस त्याला हात लावायचा नाही. ओकला तर दोन आठवडे उपाशी ठेवायचा. साप हाताळल्यावर हात साबणानं धुवायचे, आणि घरात रांगतं मूल असेल तर अधिकच.

आजारी पडला तर? आमच्याकडचे पशुवैद्य बैल, म्हशी, कुत्री यांत निष्णात. सापाला सलाइन लावलेलं त्यांच्यापैकी फार थोड्यांनी. नागपूरला सेमिनरी हिल्सवरचं ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटर आणि गोरेवाड्याचं बचाव केंद्र आहे, पण ती रानातल्या जनावरांसाठी. विकतच्या बोआसाठी विदेशी प्राण्यांचा खासगी डॉक्टर आधीच शोधून ठेवावा, आणि दीडशे किलोमीटरचा प्रवास उन्हात करायचा नाही, पहाटे करायचा, हेही ठरवून ठेवावं.

एक गोष्ट मी कोणालाही पहिल्या भेटीत सांगत नाही, कारण ती ऐकून माणूस हसतो. बोआ वीस ते तीस वर्षं जगतो. फिलाडेल्फियाच्या प्राणिसंग्रहालयातला 'पॉपाय' नावाचा बोआ १९७७मध्ये मेला तेव्हा चाळीस वर्षांचा होता. आज बीएस्सीला असलेला मुलगा उद्या पुण्याला नोकरीला जाईल, लग्न करेल, भाड्याचं घर बदलेल, आणि प्रत्येक वेळी सहा फुटांची पेटी आणि नोंदणीचा कागद बरोबर जाईल. कंटाळा आला की काय करतात, तेही ठाऊक आहे. लोक म्हणतात, सोडून दिला रानात, बिचारा मोकळा झाला. मेक्सिकोच्या कोझुमेल बेटावर १९७१मध्ये एका सिनेमाच्या चित्रीकरणानंतर थोडे बोआ सोडले गेले. ते तिथं कायमचे झाले. अरुबा बेटावर १९९९मध्ये पहिला दिसला आणि त्यानंतर तो हटलेला नाही. मादी एका वेळी वीस-पंचवीस जिवंत पिल्लं घालते. ओल्या नाल्यांचं, दाट झाडीचं आणि उंदरांनी भरलेलं गडचिरोलीचं जंगल त्याला परकं वाटेल असं मला वाटत नाही, आणि तो बरोबर कुठला रोग घेऊन जाईल ते अजगरांनाच कळेल.

एवढं सगळं त्या मुलाला डिसेंबरात सांगितलं नव्हतं. तेव्हा एवढंच म्हटलं होतं, "आधी पेटी कर. साप नको आणू. पेटीत दोन थर्मामीटर ठेव, आर्द्रता मोजायचं यंत्र ठेव, आणि पोळ्यापर्यंत रोज तीनदा वहीत लिही. मग बोलू." परत येणार नाही, असं वाटलं होतं.

पोळ्याच्या आधीच, जुलैत आला, वही घेऊन. शंभर पानी, वर 'बोआ' लिहिलेलं. फेब्रुवारीची पानं नीटनेटकी: गरम टोक ३१, थंड टोक २६. एप्रिलच्या मध्यावर दिवा बंद केल्याची नोंद. मग एक ओळ: 'आता दोन टोकं उरली नाहीत. दोन्हीकडे ३६.' मेमधल्या एका पानावर 'लाइन गेली २.४०, आली ५.५५, पेटीत ३९', आणि त्याखाली पेन्सिलीनं, 'मेला असता.' पुढच्या आठवड्यात त्यानं पेटी वरच्या मजल्यावरून खाली आणली, आजीच्या खोलीत, देवघराला लागून. कौलारू खोली, जाड मातीच्या भिंती. त्याच दुपारी रांजणात ३१.

"आजीला काय सांगितलंस?"

"खरं सांगितलं जी. साप येणार म्हणून."

"मग?"

"दोन दिवस बोललीच नाही. मग म्हणते, पेटीत ठेव, कुलूप लाव, मले काही नाही. पण उंदीर माह्या फ्रिजात ठेवाचे नाई."